ताणावरची अकरा झाडे

जानेवारीतल्या ओल्या काळ्या मातीचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. कवितेत या वासाला मानाचे पान असते; अठरा वर्षे महाविद्यालयात कविता शिकवताना ते पान मी स्वतःच्या हाताने वाढत आले. परंतु अचलपूरच्या अलीकडे, एका संत्र्याच्या बगीच्यात, सकाळी सातच्या सुमारास तोच वास पुरावा ठरला. गुन्हेगार मी होते. साधन एक रबरी नळी, हेतू दया. वच्छलाबाई नावाच्या एका बाईची एकशे साठ झाडे राहणार की जेसीबीखाली जाणार, हा प्रश्न आधीच अधांतरी होता. मी त्याला खालून धक्का दिला.

ज्यांनी वऱ्हाड आजवर फक्त रेल्वेच्या बर्थवर झोपेत ओलांडला आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मीही त्यांच्यातलीच होते. सत्तेचाळीस वर्षांत मी एकदाही अशा जागी झोपले नव्हते, जिथे अंथरूण दुसऱ्या कुणी दाखवलेले नाही. म्हणून जुनी लहान गाडी, त्याहून लहान तंबू, एक शेगडी आणि पाच दिवसांची रजा एवढे घेऊन पुण्याहून निघाले. तंबूच्या माहितीपत्रकावर एक गृहस्थ दोन मिनिटांत तंबू उभारून हसत बसलेले दाखवले होते. त्या गृहस्थांना वऱ्हाडातली माणसे भेटलेली नसावीत.

अकोला सोडल्यावर

अकोल्यापर्यंतच्या रस्त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. रस्ता होता आणि तो संपला. अकोल्यात सकाळी आलुबोंडा खाल्ला. पुण्यात बटाटेवडा चटणीला हलकेच स्पर्श करतो; इथे आलुबोंडा लाल तर्रीत गळ्यापर्यंत उभा केलेला असतो आणि खाणारा घामाघूम होऊन त्याला बाहेर काढतो. डोळ्यांतून पाणी आले तेव्हा शेजारच्या बाकावरचे आजोबा समाधानाने म्हणाले, "आता लागलं."

मूर्तिजापूरच्या दिशेला लागल्यावर दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस लागलेला दिसला. जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांतून उडालेला कापूस काट्यांत अडकून बसतो आणि साऱ्या बाभळी एका आठवड्यात म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसतात. हे निरीक्षण मनात रचत असतानाच मागचे चाक बसले.

चाक जिथे बसले तिथून हाकेच्या अंतरावर एक टपरी होती. पाटीवर लिहिले होते: "पंक्चर, हवा, पत्रिका जुळवून मिळेल." मालक पन्नाशीचे, कपाळावर गंध आणि हातावर ग्रीस, दोन्ही सारख्याच निष्ठेने लावलेले.

"जन्मवेळ?" चाक सोडवता सोडवता त्यांनी विचारले.

"चाकाची?"

"तुमची. खिळा चाकात नसते घुसत, ताई. खिळा पत्रिकेत घुसते."

मी वेळ सांगितली. त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजले आणि खिन्न चेहऱ्याने निर्णय दिला, "शनी हाये. डाव्या बाजूले."

खिळा उजव्या चाकात होता. तसे मी नम्रपणे दाखवून दिले.

"तुमी उलट्या बाजूनं उभ्या हा," ते म्हणाले. चाक मात्र त्यांनी उत्तम बसवले. पुढच्या चारशे किलोमीटरांत त्यातली हवा तसूभर उतरली नाही; माझीच तेवढी उतरत गेली.

मूर्तिजापूर

मूर्तिजापूरला तो जुना अरुंद रूळमार्ग आहे, ज्यावरून शकुंतला नावाची इवलीशी गाडी जात असे. ती बंद होऊन वर्षे झाली. रुळांच्या मधोमध गवत गुडघ्याएवढे, त्यात पिवळी रानफुले, आणि कुणीतरी रुळावर ओळीने थापलेल्या गोवऱ्या. मावळतीच्या उन्हात त्या गोवऱ्यांना सोन्याची कड आली होती. तंबू ठोकायला यापेक्षा नेमकी जागा शोधूनही सापडली नसती. मी दोन खुंट्या ठोकल्या असतील, तोच शेळ्या घेऊन परतणारी एक बाई थांबली.

"काय करून राहिली वं?"

"तंबू लावतेय. झोपायला."

"रुळावर?"

"गाडी बंद आहे ना?"

"बंद हाये," बाई म्हणाली. मग जरा विचार करून, "पन आली तं?"

या प्रश्नाला तर्कशास्त्रात उत्तर नाही. गाडी येणार नाही हे मी सिद्ध करू लागले, आणि ती दर वेळी शांतपणे "बरोबर हाये, पन आली तं?" एवढेच म्हणत राहिली. शेवटी मी खुंट्या उपटल्या. बाईंच्या घरी गेले, ज्वारीची भाकर आणि कढी-गोळे खाल्ले, आणि सर्वांच्या आग्रहावरून अंगणात तंबू उभा करून दाखवला. सगळ्यांना तो आवडला. विशेषतः शेळीच्या दोन पिल्लांना. ती रात्रभर तंबूत झोपली, मी खाटेवर.

अमरावती

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्यात चहा पिऊन अमरावतीत शिरले आणि थेट गिल्या वड्याच्या गाडीवर उभी राहिले. दह्यात भिजून विरघळण्याच्या बेतात आलेला वडा, वर चिंचेचे आंबटगोड आणि त्यावर असे तिखट, की पुण्यात ते बाळगायला परवाना लागावा. गाडीवाल्यांनी द्रोण हातात देता देता चौकशी सुरू केली.

"एकट्याच हा काय?"

"हो."

"मिस्टर कुठी हायेत?"

"घरी."

"मंग तुमी काहून इथं?"

"ते घरी आहेत म्हणून."

गाडीवाले इतके हसले की त्यांनी आणखी एक वडा माझ्या द्रोणात सोडला. मग हसू थांबवून म्हणाले, "आमच्या हिले नका सांगजा हे."

संध्याकाळी शहराबाहेरच्या एका तळ्याकाठी तंबू उघडला. राखणदार आले. त्यांनी तंबूकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि खिशातून फोन काढून बहिणीला सांगितले, "एका पाहुनीचा सयपाक वाढव." मला काही विचारण्याची त्यांना आवश्यकता वाटली नाही. पुण्यात आम्ही पाहुण्याला विचारतो, "जेवूनच आला असाल ना?" इथे पाहुणा आहे की नाही हेच तुमच्याआधी दुसरा ठरवतो. राखणदारांच्या बहिणीने मला वांग्याच्या भाजीबरोबर चार रोडगे खायला लावले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला रोडगा तुपात कुस्करला की त्याला धुराचा, गव्हाचा आणि किंचित राखेचा असा वास येतो, की माणूस आपला सगळा स्वाभिमान विसरतो. दोन रात्री झाल्या होत्या आणि मी अजून दुसऱ्यांच्याच अंथरुणावर होते.

अचलपूरच्या अलीकडे

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसू लागली तिथे, रस्त्याकडेला एक बाई मेथी, गाजरे आणि सांभार विकत बसली होती. कोथिंबिरीला सांभार म्हणतात हे मला आदल्या दिवशीच कळले होते, त्यामुळे मी ऐटीत सांभार मागितला. बाई पंचावन्नच्या आसपासची, लुगड्यावर पुरुषी पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्यावर घट्ट पदर. तिच्या पाठीमागे संत्र्याचा बगीचा होता. मी बळ एकवटून विचारले.

"मावशी, तुमच्या शेतात एक रात्र तंबू लावून झोपू का?"

तिने जुडी बांधता बांधता विचारले, "एकटी?"

"एकटी."

"घोरतं काय?"

"माहीत नाही."

"मंग झोप. तुहा तंबू, तुही पाठ. मले काय करा लागते?"

मी इतकी गोंधळले की विचारून बसले, "तुम्ही नाही म्हणणार नाही?"

"म्हनू काय?"

या वच्छलाबाई. साऱ्या वऱ्हाडात मला माझ्या शब्दावर सोडणारे हे एकच माणूस भेटले, आणि त्याची परतफेड मी कशी केली ते पुढे येतेच आहे.

विहिरीजवळ, संत्र्याच्या पहिल्या ओळीसमोर, तिने मोकळी जागा दाखवली. तंबूच्या काड्या हातात घेऊन वाकवून पाहिल्या. "एवढ्याश्या? आमी टमाट्याले याच्याहून जाड लावतो." मग विहिरीशेजारचा सिमेंटचा हौद दाखवला, त्याच्या तळाशी एक लांब रबरी नळी होती, ती मेथीच्या वाफ्यात सोडलेली. "पानी लागन तेवढं घे. बाकी कायले हात लावू नको."

अंधार पडायच्या आत ती घरी निघणार होती, परंतु निघता निघता बांधावर टेकली आणि बगीच्याकडे पाहत बसली. झाडांची अवस्था बघवत नव्हती. पाने तळलेल्या पापडासारखी आत वळलेली, रंग मळकट, बुंध्याभोवती पिवळ्या पानांचा सडा, आणि काळ्या जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा.

"ह्या कलमा लावल्या तवा माही धाकटी पोटात होती," वच्छलाबाई म्हणाली. "पोट सांभाळत खड्डे केले. आता मालक म्हन्ते, काढून टाकू. दोन वर्ष बहार नाई आला. शेजारचे वामनभाऊ काढून राहिले, आपन बी काढू."

"मग?"

"मंग मी म्हनलं, एक बहार माह्या मनानं करू द्या. शिवरात्रीपर्यंत फुलला तं बगीचा राहीन. नाई तं जेसीबी बोलवा. हो म्हनले. लगनाले पस्तीस वर्ष झाले, पयल्यांदा हो म्हनले."

एवढे सांगून ती सदरा झटकत उठली आणि गावाकडे गेली. मी तंबू उभारला. दोन मिनिटे नव्हे, पन्नास लागली. मेथी चिरून खिचडी केली. मग झोपले. त्या रात्रीविषयी लिहिण्यासारखे काही नाही. कुणी बोलावले नाही, कुणी वाढले नाही, कुणी पांघरूण सारखे केले नाही. थंडीने नाक गार पडले होते आणि मी विलक्षण सुखी होते.

हे सुखच माझा घात करणार होते. पहाटे जागी झाले तेव्हा अंगात कृतज्ञता मावत नव्हती, आणि कृतज्ञ माणसासारखे धोकादायक दुसरे काही नसते. शेगडीवर चहा ठेवला आणि समोरच्या पहिल्या ओळीकडे पाहिले. उजेडात ती झाडे आणखी केविलवाणी दिसत होती. चहाला उकळी येईपर्यंत मी सगळा कट उलगडून ठेवला: नवऱ्याने तोंडाने हो म्हटले आणि पाणी मात्र तोडले, झाडे सुकली की शिवरात्रीला जेसीबी आपोआप येणार, बिचारी बाई एकटी काय करणार. चहा गाळला तोवर माझ्या मनात त्या अनोळखी गृहस्थांना शिक्षाही सुनावून झाली होती.

मग मी मेथीतली नळी उचलली आणि पहिल्या झाडाच्या आळ्यात सोडली.

पाणी भेगांत शिरताना एक आवाज होतो; तहानेल्या माणसाने भांडे तोंडाला लावावे तसा. पाठोपाठ वास आला. मी डोळे मिटून उभी राहिले. आळे काठोकाठ भरले की दुसरे, मग तिसरे. दोन-तीन झाडांशी मी बोललेही. काय बोलले ते येथे लिहिणार नाही. अकराव्या झाडाशी हौद संपला. पहिली ओळ पूर्ण झाली होती. मी हात पुसले आणि उरलेला चहा प्यायला बसले.

सातला वच्छलाबाई आली. भाकरीचे गाठोडे डोक्यावर होते. बांधावर पाऊल ठेवले आणि ती थबकली. काही पाहण्याआधीच तिने नाक वर केले.

"पानी कोनं देलं?"

"मी," मी म्हणाले. स्वरात थोडा विनयही होता. तो विनय आठवला की अजून अंगावर काटा येतो.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. गाठोडे खाली ठेवून पहिल्या आळ्यापाशी बसली, चिखल मुठीत घेतला, दाबला, बोटांतून पाणी गळताना पाहिले.

"किती?"

"अकरा झाडं. हौद संपला म्हणून थांबले."

"देवानं हौद लहान देला," ती म्हणाली.

मग, माझ्याकडे न पाहता, लहान मुलाला सांगावे तसे तिने सांगितले. आंबिया बहार, म्हणजे आंब्याच्या मोहोराबरोबर येणारा फुलोरा, घ्यायचा तर संत्र्याला महिनाभर ताणावर सोडतात. पाणी तोडतात, मुद्दाम, पाने गळेपर्यंत. "झाडाले मराची भीती वाटली पायजे. तवा थे फूल काढते. म्हन्ते, मी मरतो, पन माहं बी राहू दे. पोट भरलं तं फूल काहून काढन? पाला काढन अन् सावलीत बसन. तुह्यासारखं."

"तुम्ही... तुम्ही स्वतः तोडलं होतं पाणी?"

"मंग काय मालकानं? त्याईले तं दया येत होती. रोज म्हनत, थोडं सोड, थोडं सोड. मी नाई सोडलं. आनखी आठ दिवस राहिले होते."

ज्या गृहस्थांना मी चहाच्या आधणाबरोबर शिक्षा सुनावली होती, ते माझ्यासारखेच निघाले. फरक एवढाच, की त्यांना कुणीतरी आवरले होते.

"आता काय करायचं, मावशी?"

"आता रडाचं," ती म्हणाली. मग उठली, पदर कमरेला खोचला. "पन आधी कुदळ घे."

तेच शेत, तोच दिवस

काम असे होते. आळ्यातली भिजलेली माती खरवडून काढायची, घमेल्यात भरून मेथीच्या वाफ्यावर नेऊन टाकायची, आणि बुंध्याभोवतीची केसासारखी बारीक मुळे उघडी करून उन्हाला ठेवायची. मूळ तुटता कामा नये. फक्त उघडे पडले पाहिजे. ऊन आणि वारा लागून ते पुन्हा सुकले, तर झाड घाबरलेले राहील. कदाचित.

"नक्की नाही?"

"नक्की काय असते, बाई?"

ओली काळी माती कुदळीला चिकटते, घमेल्याला चिकटते, चपलेला चिकटते. तिसऱ्या झाडापाशी माझ्या प्रत्येक पायाखाली शेरभर माती बांधल्यासारखे झाले. मी चपला काढल्या. दहाव्या मिनिटाला तळहातावर फोड आला, विसाव्याला तो फुटला. मी एक झाड निम्मे करीपर्यंत वच्छलाबाई दोन उरकत होती आणि अधूनमधून माझ्याकडे नजर टाकत होती.

"कुदळ हाये थे. पेन नाई. दोन बोटानं काहून धरून राहिली?"

थोड्या वेळाने पुन्हा, "काय शिकवतं म्हने कालेजात?"

"कविता."

"झाडावरच्या?"

"काही झाडांवरच्याही."

"पाह्य बरं," ती म्हणाली आणि पुढच्या आळ्याकडे सरकली.

साडेअकराच्या सुमारास मोटारसायकलचा आवाज आला. वच्छलाबाईचा चेहरा पहिल्यांदा उतरला. "मालक," ती पुटपुटली. "तू बोलू नको. खाली पाहून खन."

मालक म्हणजे नामदेवराव; उंच, सडपातळ, पांढरी टोपी, खांद्यावर मफलर. विहिरीपाशी गाडी लावून ते ओळीच्या तोंडाशी उभे राहिले. मी मान खाली घालून खणत होते. मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.

"ह्या कोन?"

"मजूर हाये," वच्छलाबाई म्हणाली. "पुन्याची."

चपला बराच वेळ हलल्या नाहीत.

"पुन्याहून मजूर आनले? गावातले मरून गेले काय?"

"सस्ती भेटली."

"मजुराले चष्मा?"

"दिसत नाई तिले. म्हनून तं सस्ती."

मी ओठ दातांखाली दाबून खणत राहिले. चपला हौदाकडे गेल्या. "हौद काहून रिकामा?"

"मेथीले देलं."

"सारं?"

"मेथी तहानली होती."

वाळलेल्या पानांवर एक पोपट उतरला आणि निराश होऊन उडून गेला. चपला परत आल्या, माझ्या आळ्याच्या काठाशी थांबल्या. आळ्यात अजून ओल होती. आंधळ्यालाही वासावरून कळावी इतकी.

"या बाईले जेवाले घाल," नामदेवराव म्हणाले. "हात पाह्य तिचे." आणि मोटारसायकल निघून गेली.

"कळलं का त्यांना?" मी विचारले.

"त्याईच्या मनातलं त्याईले माहीत. पस्तीस वर्षांत मले नाई समजलं."

जेवण आंब्याच्या सावलीत झाले. ज्वारीची भाकर, पातीचा कांदा घातलेले वांग्याचे भरीत, आणि ठेचा. आमच्याकडे ठेच्याला कूट असते, लिंबू असते, क्वचित साखरेची चिमूटही; म्हणजे मिरचीची समजूत काढलेली असते. वच्छलाबाईच्या ठेच्यात मिरचीला कुणीही काही समजावलेले नव्हते. फुटलेल्या फोडांवर तो लागला तेव्हा मी किंचाळले.

"लागलं?" ती म्हणाली. त्या दिवसातले तिचे पहिले हसू ते.

"मावशी, तुम्ही रागावला नाहीत."

"रागावली ना. लय रागावली. पन राग करू का आळे उघडू? हात दोनच हायेत."

अकरावे आळे उघडे झाले तेव्हा सूर्य पश्चिमेच्या बांधाला टेकला होता. ओळीभर बारीक मुळे उन्हात पसरली होती. धुऊन वाळत घातलेल्या केसांसारखी. मला ती फार नाजूक, फार उघडी वाटली आणि त्यांच्यावर काहीतरी पांघरावे अशी इच्छा झाली. ही इच्छा मी कुणालाही बोलून दाखवली नाही. माणूस शिकतो.

दुसऱ्या रात्रीही तिने मला तिथेच झोपू दिले. जाताना फक्त हौदाची नळी गुंडाळून डोक्यावर घेतली आणि घरी घेऊन गेली.

परतीला

परतीचा रस्ता अंजनगाव, अकोट असा होता. दोन्ही बाजूंना बगीचे होते आणि प्रत्येक बगीचा माझ्याकडे पाहत होता. एका गावात "फोटो फ्रेम, शेळीची औषधे व वाजंत्री" अशी एकच पाटी दिसली. चार दिवसांपूर्वी मी तिथे तासभर थांबले असते. आता नुसता फोटो काढला, तोही हलला.

अकोटच्या पुढे चहाला थांबले. बाकावर एक शेतकरी बसले होते. त्यांच्या पिशवीत छाटणीची कात्री दिसली म्हणून धीर केला.

"भाऊ, संत्रा ताणावर असताना कुणी मध्येच पाणी दिलं, तर?"

"कोनं देलं?"

"माझ्या एका मैत्रिणीनं."

त्यांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली. "मैत्रीण सोडून द्या," ते म्हणाले.

"आळी लगेच उघडी केली तर?"

"कवा केली?"

"त्याच दिवशी. अकराही."

आता त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. तळहातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. त्यांनी चहावाल्याला खूण केली आणि माझ्यासाठी आणखी एक चहा मागवला. "काई फुलतीन," ते म्हणाले. "काई नाई फुलनार." पुढच्या कितीतरी दिवसांत मला कुणी यापेक्षा अचूक काही सांगितले नाही.

पुण्यात आल्यावर लोकांनी विचारले, तंबूत भीती नाही वाटली का? मी सांगत असे, वाटली, परंतु तंबूची नव्हे. मैत्रिणींना मी पंक्चरवाल्याची आणि शेळीच्या पिल्लांची गोष्ट सांगून हसवत होते. अकरा झाडांची गोष्ट कुणाला सांगितली नाही. दोनदा वच्छलाबाईला फोन लावला. दोन्ही वेळा वाजून थांबला. तळहातांची कातडी नवी आली. शिवरात्र आली आणि गेली. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन लावला.

"कोन?"

"मी, मावशी. पुण्याहून."

"कोनती? नळीवाली?"

"हो."

तिच्या आवाजामागे यंत्राची घरघर होती. मोठी, जवळची. मी खुर्ची ओढून बसले.

"तो आवाज कसला?"

"जेसीबी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वामनभाऊचा," ती म्हणाली. "त्याईचा बगीचा काढून राहिले. सकायपासून चालू हाये. कानाची वाट लावली. तुहे हात बरे झाले काय?"

"झाले. मावशी, ती झाडं?"

"तुही ओळ? सात झाडाईवर नुसता पाला. हिरवागार. लगनाच्या मांडवासारखा. चारावर फुलं हायेत, पन थोडी."

"आणि मालक? पाहिलं त्यांनी?"

"काल आले. विहिरीकडूनच आले, पयली तुहीच ओळ दिसली. उभे राहिले. म्हनले, पुन्याचे मजूर लय महाग पडले."

म्हणजे त्यांना त्याच दिवशी कळले होते. "मग?"

"मंग आत गेले. एकटेच. ओळीओळीनं, पार त्या टोकापर्यंत. मी नाई गेली मागं. माह्यानं पाय उचलला नाई गेला. बांधावर बसून राहिली."

"परत आल्यावर काय म्हणाले?"

यंत्राचा आवाज एकदम वाढला. तिकडे एखादे झाड मुळासकट वर आले असावे. फोनमध्ये नुसती घरघर भरली. वच्छलाबाई कुणालातरी ओरडली, "अरे थांब ना बाप्पा, बोलून राहिली ना मी!" मग घरघर थोडी दूर गेली. ती चालत असावी. वाळक्या पानांवरची तिची पावले ऐकू येत होती.

"मावशी," मी म्हणाले, "बगीचा?"

पावले थांबली.

"राहिला."